दार घेऊन निघालेला माणूस

एक माणूस खांद्यावर दोन दारं घेऊन टेकडी चढतोय. दारं साधी नाहीत. जाड फळ्यांची, लोखंडी पट्ट्या मारलेली, कडी-कोयंड्यांसकट. माणसाचे केस पार कमरेपर्यंत. चेहऱ्यावर ओझ्याचा ताण वगैरे काही नाही. कुठेतरी माल पोचवायचाय आणि उशीर झालाय, एवढीच घाई. या माणसाकडे मी चार महिने बघत होते आणि तो कोण हे मला कळत नव्हतं.

सुतार असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. चर्चच्या खिडकीतला सुतार म्हणजे मरियेचा नवरा योसेफ, इथपर्यंत माझी मजल. पण योसेफ दारं घेऊन डोंगरावर कशाला जाईल?

हे सगळं सुरू झालं ऑर्गनमुळे. माझी एक मैत्रीण चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. दर गुरुवारी दुपारी तिचा सराव असतो, तिला गाडी चालवता येत नाही आणि मी निवृत्त. म्हणून मी ड्रायव्हर. ती जिन्याने वर ऑर्गनपाशी जाते, मी खाली बाकावर दीड तास बसते. सुरुवातीला पुस्तक नेत होते. पण रंगीत काचांतून येणारा उजेड बघायला छान आणि वाचायला कुचकामी. पानावर इथे निळा डाग, तिथे लाल. फोन काढला की वरून हाक यायची, "अगं, तुझ्या त्या टिकटिकीने माझा ठेका चुकतो!" मग समोरची खिडकी तेवढी उरली.

आता माझी खोड सांगते. एकतीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. पाठ्यपुस्तकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत वाट्टेल त्याची प्रुफं वाचली. डोळ्यांना लागलेलं वळण काही सुटत नाही: समोर येईल ते डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकही अक्षर न गाळता वाचायचं. अर्थाचं नंतर बघू. खिडकीही मी तशीच वाचायला घेतली आणि तिथेच फसले.

खिडकी पश्चिमेच्या भिंतीत आहे, बरीच उंचावर. टोकदार कमानींचे तीन उभे भाग, आणि त्यांच्या डोक्यावर दगडी नक्षीत बसवलेले छोटे छोटे झरोके, पाकळ्यांच्या आकाराचे. मधल्या भागात लाल झगा पांघरलेला येशू दगडी थडग्यातून बाहेर पाऊल टाकतोय. एक पाय अजून आत, एक बाहेर, दोन्ही अनवाणी. हातात पांढरं निशाण, त्यावर लाल क्रूस. पायांशी तीन शिपाई गाढ झोपलेले; एकाचं तोंड उघडं, घोरत असावा. हे मलाही ओळखता आलं, ईस्टरची पहाट. उजवीकडच्या भागात आमचा दारवाला. डावीकडे एक भलामोठा हिरवा मासा आणि त्याच्या तोंडातून कमरेपर्यंत बाहेर आलेला टकला माणूस, हात जोडून. माशाच्या खाली एक पांढरी पट्टी लहरत गेलेली, तिच्यावर रोमन लिपीत नाव.

वरून वाचायला घेतलं तर आधी प्राणिसंग्रहालयच लागतं. एका झरोक्यात निशाण धरलेलं कोकरू. एकात राजहंसासारखा पक्षी, चोच स्वतःच्याच छातीत खुपसलेली, खाली तीन पिल्लं चोची वासून. उरलेल्या चारांत पंखांचा बैल, पंखांचा सिंह, गरुड आणि पंखवाला माणूस. देवांची वाहनं बघत वाढलेले माझे डोळे, त्यामुळे ही कुणाची तरी वाहनं असणार असं धरून मी बसणारा शोधत राहिले. बसणारा कुणी सापडला नाही.

मग पक्षी बघायची दुर्बीण घेऊन जायला लागले. प्रार्थनेला येणाऱ्या एकदोघांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं, पण दुर्बिणीतून खिडकी उलगडली ती उलगडलीच. शिपायाच्या चिलखतावरच्या कड्या दिसल्या. माशाच्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसला. आणि पट्टीवरची अक्षरं दिसली: आय, ओ, मग एस, ए, एन. योसान. एस जरा विचित्र वाटला, पण जुन्या वळणाचा असेल म्हणून सोडून दिलं. (एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर "असेल म्हणून सोडून दिलं" हे लिहिताना हात थरथरतो.)

योसान नावाचा संत शोधण्यात मी दोन गुरुवार घालवले. संतांच्या याद्या पालथ्या घातल्या. योसान नाही. मासे पकडणारा संत सापडतो, माशांना उपदेश करणारा सापडतो, माशाने गिळलेला योसान मात्र कुठेच नाही.

शेवटी एकदा मैत्रीण बोटं दुखली म्हणून खाली येऊन बसली. मी सहज म्हटलं, "तो दारवाला कोण गं?"

"शमशोन. बायबलातला तो अचाट ताकदीचा."

"आणि माशातला?"

"योना. दुसरा कोण असणार? चार महिने विचारलं का नाहीस?"

"तू वाजवत होतीस."

तिने तिथल्या तिथे बायबल काढून हातात दिलं. मराठीत योना, लॅटिनमध्ये योनास. आय, ओ, एन, ए, एस. आता पट्टीकडे बघितलं तर कोडं सुटलं. पट्टी काचेच्या दोन तुकड्यांची आहे. पहिल्यावर आय-ओ, दुसऱ्यावर एन-ए-एस. दुसरा तुकडा शिशात उलटा बसवलाय, आतली बाजू बाहेर. त्यामुळे अक्षरांचा क्रमही उलटला आणि अक्षरंही आरशातल्यासारखी झाली. आय, ओ आणि ए ही अक्षरं आरशातही जशीच्या तशी दिसतात, म्हणून चटकन लक्षात येत नाही. पकडायला फक्त एन आणि एस. आणि मी दोन्ही सोडले होते.

शमशोनाच्या दारांची गोष्ट बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे, पहिल्या तीन वचनांत आटपलेली. शमशोन गज्जा नगरात एका वेश्येकडे रात्री मुक्कामाला असतो. शत्रूंना बातमी लागते. ते वेशीपाशी दबा धरून बसतात, की उजाडू दे, मग ठार करू. हा गडी मध्यरात्रीच उठतो, वेशीची दोन्ही दारं चौकटीच्या खांबांसकट, अडसरासकट उपटतो, खांद्यावर टाकतो आणि हेब्रोनसमोरच्या डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवतो. बस्स. दारं का नेली, पुढे त्यांचं काय झालं, काही नाही.

हे वाचून मी मान वर केली आणि पहिल्यांदाच तिन्ही भाग एकदम बघितले. वेशीवर शत्रू टपलेत. थडग्यावर शिपाई बसलेत. पहारा सकाळची वाट बघतोय आणि ज्याच्यावर पहारा तो अंधारातच निघून गेलाय. एकाने वेशीचं दार उखडलं, दुसऱ्याने मरणाचं. आणि डावीकडे योना: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (म्हणजे येशूच्या चरित्राच्या) बाराव्या अध्यायात येशू स्वतःच म्हणतो की योना जसा तीन दिवस आणि तीन रात्री माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, तीन दिवस आणि तीन रात्री पृथ्वीच्या पोटात राहील. म्हणजे ही तीन गोष्टींची तीन चित्रं नाहीतच. एकच गोष्ट तीनदा सांगितलीय. मी इतके दिवस सुटे सुटे शब्द वाचत होते आणि समोर होतं जोडाक्षर.

बायबलचा येशूच्या आधीचा भाग म्हणजे जुना करार, येशूपासूनचा नवा. जुन्या करारातली प्रत्येक मोठी घटना ही नव्या करारातल्या घटनेची आधीच पडलेली सावली आहे, असं मध्ययुगातल्या ख्रिस्ती विद्वानांनी धरलं होतं. काचेवर चित्रं काढणाऱ्यांना हा तयार नकाशाच मिळाला. शमशोनाच्या दारांचा असा अर्थ पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस ईस्टरच्या प्रवचनात लावलेला आहे. वेश्येच्या घरचा मुक्काम त्यात कुणाला खटकलेला दिसत नाही. मला खटकला, पण मला पुस्तकातलं चुकीचं पानही खटकतं.

एकदा हे कळल्यावर मी घरी बसून दुसऱ्या खिडक्यांचे फोटो बघायचा सपाटा लावला. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीची चांगल्या शोमरोन्याची खिडकी आहे. ती खालून वर वाचायची. (इथे माझा वरून खालीचा नियम अधिकृतपणे निकालात निघाला.) अगदी तळाशी जोडे शिवणारे कारागीर आपापल्या कामात दंग, खिडकीचे दाते म्हणून. त्यांच्यावर येशूने सांगितलेली गोष्ट: प्रवासाला निघालेल्या माणसाला चोर लुटतात, मारून टाकून देतात, याजक बघून पुढे जातो, परका शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो. आणि त्याच्याही वर, काही पूर्वसूचना न देता, आदाम आणि हव्वा. काय संबंध? संबंध असा की लुटला गेलेला प्रवासी म्हणजे एदेन बागेतून बाहेर पडलेला आदाम, आणि वाटेत थांबणारा परका म्हणजे ख्रिस्त. काचेत हे कुठेही लिहिलेलं नाही. नुसतं एकावर एक ठेवलंय.

त्याच कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला चार उंच खिडक्यांत चार जण दुसऱ्या चौघांच्या खांद्यांवर बसलेत, जत्रेत पोर बापाच्या खांद्यावर बसतं तसे. वर बसलेले शुभवर्तमानांचे चार लेखक, खाली जुन्या करारातले चार मोठे संदेष्टे: लूक यिर्मयाच्या खांद्यावर, मत्तय यशयाच्या, योहान यहेज्केलच्या, मार्क दानीएलच्या. मोठमोठे ग्रंथ लिहून जे पटवायचं ते चार माणसं चार माणसांवर बसवून सांगितलं. फोटो बघून मी मोठ्याने हसले.

आणि मग आमच्या खिडकीतलं प्राणिसंग्रहालयही सुटलं. बैल, सिंह, गरुड आणि माणूस ही वाहनं नाहीत, ते लेखकच आहेत! यहेज्केलच्या दर्शनात आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देवाच्या सिंहासनापाशी हे चार प्राणी येतात. पुढे ते चार शुभवर्तमानांशी जोडले गेले. मत्तय येशूच्या वंशावळीने सुरुवात करतो, म्हणून माणूस. मार्क अरण्यात गर्जणाऱ्या वाणीने, म्हणून सिंह. लूक मंदिरात सेवा करणाऱ्या याजकापासून सुरू करतो, म्हणून यज्ञाचा बैल. योहान एकदम आभाळात भरारी घेतो, "प्रारंभी शब्द होता" असं म्हणत, म्हणून गरुड. म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानावरून लेखकाचं चिन्ह ठरलं. ज्या खिडकीत सगळ्यांच्या वर लेखकांना बसवलंय, ती मला आवडणारच.

राजहंस हा राजहंस नाही, पेलिकन आहे. पेलिकनची मादी स्वतःची छाती फोडून रक्तावर पिल्लं जगवते, अशी जुनी समजूत होती. त्यावरून तो येशूच्या बलिदानाचं चिन्ह झाला. खऱ्या पेलिकनच्या चोचीखाली लोंबती पिशवी असते आणि तो चोच छातीशी दाबून धरतो, तेवढ्यावरून कुणीतरी ही गोष्ट रचली असावी. खिडकीतल्या पक्ष्याला पिशवी नाही. काढणाऱ्याने पेलिकन बघितलेलाच नाही, हे स्पष्ट आहे. मला हे फार लोभस वाटतं. पक्षी चुकलाय, अर्थ बरोबर.

याच्या उलटही होतं. जुन्या खिडक्यांत आणि शिल्पांत मोशेच्या डोक्याला दोन शिंगं दिसतात. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशे सीनाय पर्वतावरून खाली येतो तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत असतो. हिब्रूत झळकणं आणि शिंग या शब्दांची मुळाक्षरं एकच. संत जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना शिंगाचा अर्थ घेतला, आणि पुढे कित्येक शतकं मोशेला शिंगं फुटत राहिली. एका शब्दाचा प्रताप! आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे उदाहरण पहिल्या दिवशी सांगायला हवं.

बाकी खुणा एकदा कळल्या की सोप्या. वर्तुळाच्या आत क्रूस असलेलं प्रभावलय फक्त येशूला, म्हणजे देवत्वाला. साध्या संतांना नुसतं वर्तुळ. किल्ल्या दिसल्या की पेत्र, तलवार दिसली की पौल, फुलीच्या आकाराचा क्रूस असेल तर आंद्रिया, चाक असेल तर कॅथरीन. ज्या हत्याराने छळलं नाहीतर मारलं तेच पुढे त्या माणसाची ओळख होतं, हे जरा अंगावर येतं. लॉरेन्स ज्या लोखंडी जाळीवर भाजला गेला ती जाळी हातात घेऊन प्रसन्न चेहऱ्याने उभा असतो.

अशा खिडक्यांबद्दल कुठेही वाचा, "निरक्षरांचं बायबल" हे शब्द आलेच म्हणून समजा. मूळ कल्पना पुन्हा त्याच ग्रेगरीची. इ.स. 600च्या सुमारास मार्सेयच्या बिशपने चर्चमधली चित्रं फोडून टाकली, तेव्हा ग्रेगरीने त्याला पत्र लिहून कान उपटले: वाचता येणाऱ्याला जसा ग्रंथ, तसं न येणाऱ्याला चित्र. पत्र भिंतीवरच्या चित्रांपुरतं ठीक आहे. पण खिडक्यांना ते जसंच्या तसं चिकटवलं जातं, आणि मला ते पटत नाही. मी साक्षर, हातात दुर्बीण, चार महिने वेळ, तरी मला दारवाला ओळखता आला नाही. पॅरिसच्या सेंत-शापेलमध्ये पंधरा खिडक्या आहेत, प्रत्येक साधारण पंधरा मीटर उंच, त्यांत मिळून 1,113 प्रसंग. वरचे प्रसंग जमिनीवरून कुणाच्या बापाला दिसणार? शिवाय 1248 साली पूर्ण झालेलं ते चर्च राजा नववा लुई याचं खासगी. वरच्या मजल्यावर येणारे राजा आणि दरबारी. निरक्षर गरीब तिथे होते कुठे?

माझं मत असं की खिडकी गोष्ट सांगत नाही. गोष्ट आधी कानावर पडलेली असते, आजीकडून, प्रवचनातून. खिडकी फक्त दोन माहीत असलेल्या गोष्टी शेजारी आणून ठेवते आणि गप्प बसते. ज्याला शमशोन माहीत नाही त्याला तो सुतार वाटणार. आणि ज्याला माहीत आहे तो चमकून मधल्या चित्राकडे बघणार. माझ्या मैत्रिणीने सहा वर्षांची असताना हे बघितलं होतं म्हणे, कुणी न सांगता.

पण हे सगळं भिंतीवर रंगवूनही झालं असतं. काचच का? याचं उत्तर मला हिवाळ्यातल्या एका गुरुवारी मिळालं. साडेचारच्या सुमारास ऊन खाली आलं आणि मधल्या भागातला लाल झगा पेटला. पेटला हाच शब्द. भिंतीवरच्या चित्रावर उजेड पडतो. इथे उजेड चित्राच्या अंगातून येतो. मध्ययुगातले ख्रिस्ती लेखक मरियेच्या कौमार्याला हाच दाखला देत: सूर्याचा किरण काचेतून आरपार जातो, काच तडकत नाही. त्यामुळे काच हे नुसतं चित्र काढायचं साधन नव्हतं, ती स्वतःच एक चिन्ह होती. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसचा मठाधिपती सुजेर याने 1144 पर्यंत आपल्या चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधून घेतला तो प्रकाशाच्या याच वेडापायी. तिथल्या एका खिडकीत मरियेच्या पायांशी लोटांगण घातलेला सुजेर स्वतःही आहे, नावासकट. नम्रपणा किती आणि जाहिरात किती, ज्याने त्याने ठरवावं.

त्या लालची गंमत मला नंतर कळली. तांब्यामुळे लाल होणारी काच पूर्ण जाडीची केली तर ती जवळजवळ काळी दिसते, उजेडच येत नाही. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळसा पापुद्रा चढवतात. निळी कोबाल्टची, ती अंगभर निळी असते. चेहरे, कपड्याच्या चुण्या, माशाचे खवले हे सगळं मात्र काचेवर रंगवलेलं: काचेची पूड आणि लोखंडाचं किंवा तांब्याचं भस्म खलून केलेला तपकिरी-काळा रंग, भट्टीत भाजून पक्का केलेला. बाराव्या शतकातला थिओफिलस नावाचा कारागीर-भिक्षू हा रंग दारूत नाहीतर लघवीत खलायला सांगतो, इतक्या शांतपणे की जणू दोन्ही एकाच फडताळात असतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीच्या क्षारांचा पिवळा आला. तो काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजतात आणि तो काचेतच मुरतो. नीट बघायला गेलं तर, इंग्रजीत या कामाला म्हणतात त्या ‘स्टेन्ड ग्लास’मधला स्टेन म्हणजे तेवढाच.

सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. पट्टीला दोन्ही अंगांनी खाच असते, एका खाचेत हा तुकडा, दुसऱ्या खाचेत शेजारचा. ही काळी रेघच चित्राची बाह्यरेषा होते. शिसं मऊ, वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि वाऱ्याने ते थकतं, वाकतं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी कधीतरी अख्खी खिडकी उतरवून, तुकडे सुटे करून पुन्हा नव्या शिशात बांधावी लागते. टेबलावर शेकडो तुकडे. त्यात एखादा उलटा बसणं अगदी शक्य आहे. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवताना छापखान्यात हेच व्हायचं.

तर मी चर्चची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना गाठलं. जरा घाबरतच म्हटलं, "योनाच्या नावातली तीन अक्षरं उलटी आहेत हो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्यांदा बघताय? या."

त्यांनी मला बाहेर नेलं, पश्चिमेच्या भिंतीखाली. बाहेरून चर्चची खिडकी कधी बघितली आहे का तुम्ही? दिवसा ती नुसती काळी पाटी असते. शिशाच्या रेघा, मळकट काच, ना रंग ना चित्र. आणि सगळं उलटं. योना आता उजवीकडे. मी दुर्बीण लावली. काळ्या पाटीवर खाली उजव्या कोपऱ्यात एन, ए, एस. सरळ. अख्ख्या खिडकीत बाहेरून वाचता येणारी तेवढीच तीन अक्षरं.

"रंग आतल्या बाजूला असतो ना," ते म्हणाले, "पाऊस लागू नये म्हणून. या तुकड्याचा बाहेर आलाय. म्हणून झिजतोय." खरंच, एसचा खालचा फाटा जवळजवळ पुसला गेला होता. आतून तो मला जुन्या वळणाचा वाटला होता, तो या झिजण्यामुळे. पट्टीच्या कडेचा पिवळा मात्र नेहमी पावसात भिजायचा, तो आता कोरड्यात आहे. झळकतोय.

"मग दुरुस्त का नाही करत?"

"एका तुकड्यासाठी आजूबाजूचं शिसं उकलायचं, त्यात माशाचं डोकं तडकलं तर? पुढच्या वेळी सगळी उतरेल तेव्हा बघतील. नोंद करून ठेवलीय." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या-माझ्या हयातीत नाही."

आत आले. ऑर्गन चालूच होता. मी वहीत खिडकीचा कच्चा नकाशा काढून ठेवला होता, आणि सवयीने त्या तीन अक्षरांशेजारी समासात अक्षर उलटं असल्याची खूण केली होती. पेन काढलं आणि अक्षरांखाली तीन टिंबं दिली. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, आहे तसं राहू दे.

वरून मैत्रिणीने विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"योनाकडे, मागच्या दाराने," मी म्हटलं. तिला काही ऐकू गेलं नाही. ती पुढच्या ओळीवर गेली होती.